फोडणीचा ठसका आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात गुडघ्यांवर लिहिलं होतं, वाटलं पत्रंही गुडघ्यांचीच येतील. पण आली ती बहुतेक सगळी 'जरा खाजगी आहे हं' असं म्हणत आली, एकीनं तर पाकिटात आणखी एक पाकीट घालून पाठवलंय. लघवीची गळती, अंग बाहेर येणं, असली खालच्या स्नायूंची दुखणी. म्हणून या महिन्यात सगळी जागा याच विषयाला देतीय. नावं कुणाचीच छापत नाही, पेठा आणि गावंपण जरा इकडची तिकडं केलीत, तेव्हा शेजारीण ओळखायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न: मी 53 वर्षांची, शिवाजी पेठेत राहतो. तांबड्या रश्शाची फोडणी टाकली की ठसका येतोय आणि ठसक्याबरोबर लघवीचे थेंब जातात. शिंक आली तरी तेच, जोरात हसलो तरी तेच, जोतिबाच्या पायऱ्या उतरताना तर हमखास. यंदा चैत्रात यात्रेला गेलो ते पॅड लावूनच. दोन बाळंतपणं झालीत, दोन्ही नॉर्मल, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. मैत्रीण म्हणते रोज लघवी करता करता मध्येच थांबवायची, तोच व्यायाम असतोय. महिनाभर करून बघितलं, काय फरक नाही. वयाचं आहे म्हणून सोडून देऊ का?

उत्तर: काकी, सोडून अजिबात देऊ नका. (पत्रातलं 'राहतो, हसलो' मुद्दाम तसंच ठेवलंय, आपल्याकडं कोल्हापुरात बायका असंच बोलतात, पुण्याच्या वाचकांनी दुरुस्ती कळवू नये.) आधी मैत्रिणीचा सल्ला बंद करा. लघवी मध्येच थांबवणं हे फक्त एकदा, स्नायू कुठला आहे ते कळावं म्हणून करून बघायला ठीक आहे. रोज केलं तर लघवीच्या पिशवीला उलटसुलट निरोप जातात, ती पूर्ण रिकामी होत नाही, आणि मागं राहिलेल्या लघवीत इन्फेक्शनला जागा मिळते.

आता हे होतंय का ते बघा. आपल्या कमरेच्या हाडांच्या कड्याला खालून जमीन असते, ती हाडाची नाही, स्नायूंची. पुढं ओटीपोटाखालच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत ताणलेली झोळी समजा, आणि त्या झोळीत लघवीची, योनीची आणि संडासची अशा तीन वाटा. यालाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. तुम्ही खोकता तेव्हा पोटातला दाब एकदम खाली येतो, झोळी घट्ट असली तर लघवीची नळी दाबून धरली जाते, ढिली असली तर थेंब सुटतो. बाळंतपणात झोळी ताणली गेलेली असते, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊन तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, त्यात बद्धकोष्ठ असलं की रोज जोर लावून आपणच तिला खाली ढकलत असतो. वय हे यातलं एक कारण झालं, सगळं नव्हे.

ही झोळी घट्ट करायच्या व्यायामाला केगल म्हणतात कारण अमेरिकेतल्या आर्नॉल्ड केगल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं 1948 साली त्यावर लिहिलं. पण गंमत बघा, केगल नुसतं 'आवळा आणि सोडा' सांगून बाईला घरी पाठवत नव्हते, ते आधी तपासून स्नायू बरोबर आवळला जातोय का बघायचे आणि दाब मोजायचं एक यंत्रही त्यांनी बनवलेलं, बाईला काटा हललेला दिसायचा. पुढं यंत्र गेलं, तपासणी गेली, आणि उरलं ते फक्त तोंडी सांगणं. 1991 मध्ये अमेरिकेतच 47 बायकांना असंच तोंडी सांगून करायला लावलं तर साधारण निम्म्यांनाच नीट जमलं, आणि चौघींतली एक तर असं करत होती की त्यानं गळती वाढायचीच शक्यता. म्हणजे तुमचा महिना वाया गेला यात तुमची काय चूक नाही.

तर असं करा. गादीवर उताणं झोपा, गुडघे वाकवून, एक हात पोटावर. चारचौघात बसलोय आणि वारा सरायला आलाय, तो अडवायचाय असं समजून मागची वाट आवळा. मग तीच ओढ पुढं आणा, योनीपर्यंत, लघवीच्या वाटेपर्यंत, आणि सगळं मिळून आत वर उचला. बाहेरून काहीच हलायला नको. हाताखालचं पोट दगडासारखं घट्ट झालं, ढुंगण उचललं गेलं, मांड्या एकमेकीला चिकटल्या किंवा श्वास रोखला गेला तर दुसरेच स्नायू काम करताहेत. खात्री नसेल तर एकदा खाली आरसा धरून बघा, लाजू नका, आपलंच आहे. आवळल्यावर ती जागा आत गेली पाहिजे. बाहेर फुगत असेल तर तुम्ही उचलायच्या ऐवजी ढकलताय, तसं असेल तर तिथंच थांबा आणि फिजिओला किंवा डॉक्टरला दाखवा.

जमलं की सुरुवातीला 3 सेकंद धरा. मग पूर्ण सोडा. या सोडण्याला बायका हिशेबातच धरत नाहीत, आवळलं की झालं असं वाटतं, पण जो स्नायू पूर्ण सुटत नाही तो पुढच्या वेळी आवळला पण जात नाही, आधीच मूठ वळलेली असेल तर आणखी काय वळणार. म्हणून जितका वेळ धरलं तितकाच वेळ, हवं तर जास्तच, सोडून ठेवा, श्वास चालू. असं 8 ते 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. हळूहळू 10 सेकंदांपर्यंत न्या, आणि प्रत्येक वेळच्या शेवटी 10 झटपट, आवळ-सोड आवळ-सोड. झोपून जमलं की बसून, मग उभं राहून. कमीत कमी 3 महिने करायचं, तालमीतल्या पोराचे दंडपण आठवड्यात दिसत नाहीत की.

आणि आता तुमच्या फोडणीचं. मिरची तेलात पडायच्या आधी आवळा. म्हणजे ठसका येणार, शिंक येणार, जड पातेलं उचलणार हे कळलं की क्षणभर आधी झोळी उचलून धरायची, मग खोकायचं, मग सोडायचं. ताकद वाढायला वेळ लागतो पण ही वेळ साधायची युक्ती काही बायकांना आठवडाभरातच उपयोगी पडते. अजून दोन गोष्टी. कोरडेपणा, चुरचुर असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, ते डॉक्टरांना विचारून. आणि बीपीची गोळी चालू असेल आणि सारखा कोरडा खोकला असेल तर तेही त्यांना सांगा, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, मग इथं कितीही आवळा, तिकडं खोकला चालूच. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

प्रश्न: मी शिक्षिका, वय 44. माझं खोकल्याबिकल्याचं नाही, पण लागली की थांबत नाही. घराच्या कुलुपात किल्ली घातली की संपलंच, बाथरूमपर्यंत पोचेतोवर थोडी जातेच. शाळेतलं टॉयलेट जाण्यासारखं नाही त्यामुळं सकाळपासून पाणीच पीत नाही, चहा होतो तीन-चार कप. बाहेर पडताना तर लागलेली नसली तरी जाऊन येते. केगल करू का?

उत्तर: करा मॅडम, पण तुमचा त्रास वेगळा आहे. काकींची झोळी दाबाला कमी पडतीय, तुमच्याकडं लघवीची पिशवी भरायच्या आधीच ओरडायला शिकलीय. साधारण 400 मिलीच्या पुढं मावेल एवढी ती असते, पण 'आत्ता जाऊन येते, परत कुठं मिळेल' असं करत करत तिला थोड्यावरच रिकामं व्हायची सवय लागते. त्यात तुम्ही पाणी तोडलंय, म्हणजे लघवी गडद, घट्ट, आणि अशी लघवी पिशवीला आणखी टोचते. वर चहा. म्हणजे पाणी कमी करून त्रास कमी होईल असं वाटत होतं, आणि होतंय नेमकं उलटं.

तीन दिवस वहीत लिहा, कधी गेला, किती वेळानं, काय प्यायलात. दीड तासानं जात असाल तर पंधरा मिनिटं वाढवायची, आठवडाभर ते जमलं की आणखी पंधरा. करत करत 3 तासांवर यायचं, दिवसात 6 ते 8 वेळा जाणं हे ठीकच. चहा दोन कपांवर आणा, पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. आणि किल्ली घालताना लागली की पळायचं नाही, हेच सगळ्यात अवघड आहे, मला माहितीय. जिथं आहात तिथं थांबा, जमलं तर टेका, झटपट पाच-सहा वेळा आवळा-सोडा, मनात पाढे म्हणा, तुम्हाला काय तेरा-चौदाचे येत असतीलच. ती लाट जरा ओसरते. ओसरली की चालत जायचं. पळालात की पोटावर दाब येतो, आणि पिशवीला कळतं की ओरडलं की बाई पळते.

लघवीची आणि साखरेची तपासणी एकदा करून घ्या, इन्फेक्शन आणि डायबेटिस दोन्हीत असंच लागतं. शाळेच्या टॉयलेटबद्दल मी काय बोलू, तिथल्या मुलींचंही पोट त्याच वेळापत्रकावर चाललेलं असणार, तुम्ही चार जणी मिळून लेखी द्या.

प्रश्न: आमच्या सासूबाई 61 वर्षांच्या, राधानगरीकडं गावाकडं असतात. संध्याकाळी खाली जड जड वाटतं म्हणायच्या, आता कळलं की अंग बाहेर येतंय, आंघोळीच्या वेळी हातानं आत ढकलतात. कधीपासून विचारलं तर म्हणाल्या धाकट्याच्या जन्मापासून! दोन म्हशी, वैरणीचा भारा डोक्यावरनं आणणं अजून चालूच. डॉक्टरकडं यायला तयार नाहीत, 'गर्भपिशवी काढा म्हणतील' म्हणतात. मी मोबाईलवर बघून व्यायाम शिकवला तर चालेल का?

उत्तर: तुम्ही सुनेनं हे लिहिलंय याचंच मला कौतुक वाटलं. आणि सासूबाईंनी सांगितलं तुम्हाला, मुलाला नाही, याचंही.

व्यायाम चालेल, पण आधी तपासणी, कारण किती खाली आलंय त्यावर सगळं आहे. योनीच्या आतच थोडं उतरलेलं असेल तर व्यायामानं जडपणा, ओढ यात चांगला फरक पडतो. पण बाहेर हाताला लागतंय, ढकलावं लागतंय, एवढं असेल तर नुसत्या व्यायामानं ते जागेवर जाईल अशी आशा त्यांना दाखवू नका, नाहीतर तीन महिन्यांनी त्या म्हणतील बघ, काय झालं नाही. आणि ऑपरेशनच्या भीतीवर उत्तर आहे: रिंग. सिलिकॉनची रिंग, पेसरी म्हणतात, डॉक्टर मापानं आत बसवतात, ती गर्भपिशवीला खालून आधार देते. ठरावीक महिन्यांनी काढून धुऊन बघून परत बसवायची, काही बायका स्वतः काढायला-घालायलाही शिकतात. कितीतरी जणी ऑपरेशन न करता अशाच राहतात. ऑपरेशन लागलंच तरी दर वेळी गर्भपिशवी काढावीच लागते असं नाही, तो विचार करून घ्यायचा निर्णय आहे, आणि 'काढून टाकू, कटकट नको' असं पहिल्याच भेटीत कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कोल्हापुरात आणलं तर सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात दाखवता येईल, बाई डॉक्टर पाहिजे असं आधीच सांगा, त्यात काय गैर नाही.

भाऱ्याचं काय करायचं? 'जड उचलू नका' असं मी लिहीन आणि म्हशी उपाशी राहतील, त्याचा उपयोग नाही. एका मोठ्या भाऱ्याचे दोन लहान करा. डोक्यावर चढवताना दुसऱ्या कुणीतरी हात लावायचा, जमिनीवरनं एकटीनं उचलायचं नाही. उचलताना श्वास रोखून 'हं' करून उचलतात ना, त्याऐवजी आधी खालून आवळायचं आणि श्वास सोडत उचलायचं. धार काढताना तासभर उकिडवं बसण्याऐवजी बुटका स्टूल घ्या. संडासला कुंथायचं नाही, पोट साफ होत नसेल तर आधी त्याचं बघा. दुपारी वीस मिनिटं पाय उशीवर ठेवून आडवं व्हायला सांगा, आडवं झालं की जडपणा कमी होतो हे त्यांना स्वतःलाच माहीत असेल. आणि तुम्ही असा नियम करा की ती वीस मिनिटं घरात कुणी हाक मारायची नाही.

लघवी अडकून बसली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम झाली तर मात्र मनधरणी करत बसू नका, सरळ घेऊन या.

प्रश्न: वय 26, लग्नाला आठ महिने. संबंध ठेवताना इतकं दुखतं की अजून नीट झालेलंच नाही. मैत्रिणीनं सांगितलं स्नायू कमजोर असतील, केगल कर. दोन महिने दिवसाला 100 वेळा केलं. आता तर टॅम्पॉन पण जात नाही आणि संडासलाही त्रास होतोय. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर: कमी नाही ताई, जास्त झालंय. केगल आजच बंद करा.

वर काकींना मूठ वळलेली असेल तर काय वळणार म्हणाले ना, ती मूठ तुमची आहे. काही बायकांची झोळी ढिली नसते, उलट सतत आवळलेली असते, भीतीनं, जुन्या दुखण्यानं, कधी लहानपणापासून 'पाय जवळ घे, नीट बस' ऐकून ऐकून. पहिल्यांदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच दार लावून घेतं, दार लावलं की आणखी दुखतं. त्याला तुम्ही दिवसाला शंभर वेळा कुलूप घालत होता. मैत्रिणीचा हेतू चांगला असेल पण ज्याला त्याला केगल सांगायची ही फॅशन मला बिलकुल पटत नाही.

तुम्हाला शिकायचंय ते फक्त सोडणं. कुशीवर किंवा उताणं पडा, एक हात छातीवर एक पोटावर, नाकानं सावकाश श्वास घ्या असा की छाती नाही, पोट वर येईल. श्वास आत येताना खालची झोळी आपोआप थोडी उतरते, तिला उतरू द्या, ढकलू नका. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. मग शशांकासनात, गुडघे लांब ठेवून, उशीवर छाती टेकून तोच श्वास. संडासला कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, कुंथू नका.

हे सुरू करा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा कारण कातडीचा आजार, इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) यांनीही दुखतं. त्यानंतर या विषयातल्या फिजिओकडं, त्या हळूहळू बोटानं, मग लहान-मोठ्या डायलेटरनं (योनीत घालायच्या गुळगुळीत कांड्यांनी) शरीराला सवय करायला शिकवतात, तुमच्या वेगानं, तुम्ही थांब म्हटलं की थांबायचं. तोपर्यंत दुखत असताना 'सहन कर, होईल सवय' हे बंद. नवऱ्यालाही हे पान वाचायला द्या. दोघांचाही यात दोष नाही, आणि हे बरं होतं.

प्रश्न: सिझर होऊन चार महिने झाले. खालून बाळ आलंच नाही तर हा व्यायाम मला कशाला? आई पोटपट्टा करकचून बांधते, आणि मला झुम्बा सुरू करायचाय.

उत्तर: बाळ खालून आलं नसलं तरी नऊ महिने वजन त्या झोळीवरच होतं. सिझरनं गळतीचा धोका कमी होतो, जात नाही. व्यायाम करा. पट्टा आधारापुरता असू दे, करकचून बांधला की पोटातला दाब जाणार कुठं, खालीच की. आईला सांगा डिंकाचा लाडू दे, पट्टा सैल कर. झुम्ब्याच्या आधी एक करून बघा: मूत्राशय भरलेलं असताना जोरात खोका, मग जागेवर दहा उड्या मारा. गळलं नाही, जड वाटलं नाही, टाक्यापाशी ओढलं नाही तर हळूहळू सुरू करा. काही झालं तर अजून सहा-आठ आठवडे चालणं आणि हाच व्यायाम.

प्रश्न: वजन 78 किलो. डॉक्टर म्हणाले वजन उतरवलं की गळती थांबेल. खरं का?

उत्तर: थांबेलच असं नाही, पण बरीच कमी होते. 2009 साली अमेरिकेत जाड बायकांवर झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांत 8 टक्के वजन उतरलं तर आठवड्याची गळती जवळपास निम्म्यानं कमी झाली. 78 चे 8 टक्के म्हणजे सहा किलोच्या आसपास. फार नाही. (रविवारची मिसळ ठेवा, तिसरा पाव सोडा.)

प्रश्न: आम्ही चौघी रोज सकाळी रंकाळ्यावर चालतो. चालता चालता केलं तर चालेल का? आणि ऑनलाईन ते योनीत ठेवायचे वजनाचे मणी मिळतात ते घ्यावेत का?

उत्तर: मणी आत्ता नकोत. स्नायू सापडलाय याची खात्री झाली आणि तीन महिने झाले की मग विचार करू, त्याआधी पैसे पाण्यात. चालताना करण्याआधी झोपून आणि बसून जमू दे. तोवर फेरी झाली की बाकावर बसा, पाय जमिनीला टेकवा, गप्पा चालू ठेवा आणि दहा वेळा करा, बोलता येतंय म्हणजे श्वास रोखला नाहीय हेही कळतं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला काहीच कळायला नको. ती 'काय गं, उठतेस काय?' म्हणाली तर ढुंगण आवळताय, परत पहिल्यापासून.